अस्वल दाराशी आले तर

मंडळी, मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत रानाला लागून पुष्कळ गावे आहेत. तिथे माणसाची आणि अस्वलाची वाट एकच असते. मी अशाच एका गावी शाळामास्तर होतो.

चैत्राचे दिवस होते. शेजारची काकू झुंजुमुंजु असतानाच मोहफुले वेचायला गेली. एकटीच होती. झाडाखाली काळे काहीतरी दिसले. तिला वाटले, कुणाची म्हैस असेल. जवळ जाते तो अस्वल! ते एकदम अंगावर आले. काकू वाचली, पण तिचा एक डोळा गेला.

अस्वल माणसाला खायला येते काय? नाही. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, टेंभरे हे त्याचे खाणे. मोहफुले तर त्याला फार आवडतात. काकू फुलांसाठी गेली, तसे तेही फुलांसाठीच आले होते.

मग ते अंगावर का आले? अस्वलाचे नाक तिखट, पण नजर अधू. खाताना त्याची मान खाली असते. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते दचकते आणि भीतीने हल्ला करते. पाठीवर पिले घेतलेली मादी तर जास्तच बिथरते.

म्हणून मुख्य गोष्ट ही, की आपण येतो आहोत हे त्याला आधी कळू द्या. रानात चांगले उजाडल्यावर जा. तिघे-चौघे मिळून जा. मोठ्याने बोला, काठी आपटा. रात्री घराबाहेर पडताना हातात बॅटरी घ्या.

खरकटे आणि सडकी फळे घराजवळ टाकू नका. मोहफुले रात्री अंगणात ठेवू नका.

अस्वल अंगणात आलेच, तर पोराबाळांना घरात घ्या आणि दार लावा. त्याला जायची वाट मोकळी ठेवा. घेराव घालू नका, दगड मारू नका. वनरक्षकाला कळवा. अस्वलाला मारणे 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे.

रानात समोर आले तर पळू नका. त्याच्याकडे लक्ष ठेवून हळूहळू मागे सरा. अंगावर आलेच तर पालथे पडा. तोंड जमिनीकडे करा, दोन्ही हातांनी मान झाका.

जखम झाली तर रक्त थांबवायला स्वच्छ कापड दाबून धरा आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. लहान ओरखडा असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा. पिसाळरोगाची लस घ्यावी लागते. वनखात्यालाही लगेच कळवा. सरकार नुकसानभरपाई देते.

काकू पुढेही मोहफुले वेचायला जाई. पोटाला हवे ना! पण मग ती उन्हे आल्यावर निघे. बरोबर चार बाया असत. पोरींना ती सांगे, "आधी आवाज, मग पाऊल."

आपणही हे ध्यानात ठेवावे.