देव सध्या कुठल्या गावी?

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, तुळजापूर तालुक्यात अणदूर आणि नळदुर्ग ही शेजारशेजारची गावे. दोन्ही गावांचा खंडोबा एकच, आणि तोही अक्षरशः एकच. देवळे दोन, मूर्ती एक. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. देव न्यायचा-आणायचा तर दोन्हीकडची मंडळी एकत्र बसतात, लेखी करार होतो, मग पालखी हलते. भक्ताच्या तोंडी नाव वर्षभर तेच. पत्ता मात्र पंचांग पाहून सांगावा लागतो.

गंमत अशी, की याच गावाच्या बाबतीत उलटेही घडले आहे. अणदूर जागचे तसूभरही हललेले नाही, पण त्याचा पूर्ण पत्ता बदलत राहिला. निजामाच्या हैदराबाद संस्थानातले गाव १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० ला महाराष्ट्रात, आणि २०२३ मध्ये जिल्हा उस्मानाबादचा धाराशिव झाला. एकीकडे नाव स्थिर आणि मुक्काम फिरता, दुसरीकडे मुक्काम स्थिर आणि नाव फिरते.

या दोन्ही भानगडी एकाच वेळी सांभाळणारा एक प्रोग्राम मोठ्या डेटा सेंटरमध्ये चालतो. त्याचे काम ऐकायला अगदी किरकोळ आहे: नावांची यादी ठेवायची. पण त्या यादीतले आकडे एकदा कागदावर मांडून पाहिले, की झोप उडते.

आधी थोडी पार्श्वभूमी. घरच्या संगणकात डिस्क आत असते. बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये बहुतेक वेळा तसे नसते. तिथे सर्व्हर एका रांगेत आणि डिस्कांनी भरलेली कपाटे दुसऱ्या रांगेत, मध्ये नेटवर्क. सर्व्हरला मात्र वाटते की डिस्क आपल्याच पोटात आहे. हा भास साध्या नेटवर्कवरून उभा करण्याचा एक मार्ग म्हणजे आयस्कझी. त्याचे मानक एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणती डिस्क कुठे आहे, हे सर्व्हरला सांगायला एक यादीवाला हवा, म्हणून सप्टेंबर २००५ मध्ये आरएफसी ४१७१ या दस्तऐवजात आणखी एक मानक आले: इंटरनेट स्टोरेज नेम सर्व्हिस, आद्याक्षरांत आयएसएनएस. या यादीवाल्याचे दार म्हणजे पोर्ट क्रमांक ३२०५. त्याच्याशी बोलायचे तर बहुधा काळ्या पडद्यावर कमांड लिहून.

आता नावे किती निघू शकतात ते पाहू. आयस्कझीमध्ये सर्व्हरला किंवा डिस्कच्या कपाटाला जे नाव देतात, त्याच्या एका आखूड पद्धतीत ६४ बिटे असतात. ६४ बिटांत बसणाऱ्या नावांची संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. ही वाचायची कशी? भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची नावे एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत नेली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या मापाने ही रक्कम होते १८४ परार्ध आणि वर काही. सेकंदाला एक या वेगाने ही नावे नुसती मोजायला बसलात, तर ५८,००० कोटींहून जास्त वर्षे लागतील. विश्वाचे वय धरतात १,३८० कोटी वर्षे. म्हणजे विश्वाला ४२ वेळा जन्म घ्यावा लागेल आणि तरीही मोजणारा ‘जरा थांबा’च म्हणेल.

ही सगळी नावे कुणीही उचलावी असे मात्र नाही. पहिली २४ बिटे कंपनीची ओळख सांगतात आणि उरलेली ४० कंपनीने आपल्या मालाला वाटायची. म्हणजे एका ओळखीमागे १,०९,९५१ कोटी नावे. डिस्कचा एकही कारखानदार तेवढी कपाटे कधी बनवणार नाही.

प्रत्यक्षात जास्त चालते ती लांब नावांची पद्धत, आयक्यूएन. हे नाव २२३ बाइटांपर्यंत लांबू शकते. अक्षरे ठरलेली: इंग्रजी लहान लिपीतली २६, दहा अंक, आणि आडवी रेघ, टिंब, विसर्गचिन्ह अशी ३९ चिन्हे धरू. सुरुवातीची २४ जागा पद्धतीचे नाव, तारीख आणि संस्थेच्या डोमेनने खाल्ली असे समजा. उरतात १९९ जागा. प्रत्येक जागी ३९ पर्याय, म्हणजे एकाच संस्थेला मिळणाऱ्या नावांची संख्या ३१७ अंकी. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या ८१ अंकी मानतात. त्या हिशेबाने अणूअणूला बारसे घालूनही हा साठा संपल्याचे कळणार नाही.

या नावात तारीख असते, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. आयक्यूएन, मग वर्ष आणि महिना, मग उलट्या क्रमाने डोमेन. तारीख कसली, तर ते डोमेन त्या संस्थेच्या मालकीचे होते तेव्हाची. कारण डोमेन उद्या दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. नवा मालक त्याच नावाने नवी कपाटे मांडेल आणि जुन्या-नव्यांची गल्लत होईल. तारीख आली की प्रश्न मिटतो. २०२२ मधला उस्मानाबाद आणि २०२४ मधला धाराशिव यांचा वाद कचेरीतल्या कागदावर ज्या युक्तीने सुटतो, तीच ही युक्ती. दाखल्यावर तारीख असली, की कुठले नाव तेव्हा चालू होते ते आपोआप कळते.

एकसारख्या नावांच्या घोळावर आपल्याकडे पूर्वीच एक मोठा तोडगा निघाला होता, आणि तो काढणारा माणूस मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांनी आखलेला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर लागू झाला. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते दहा लिपींत लिहिलेले, त्यात हस्ताक्षर देवाच्या भरवशावर. अशा पत्रांना वेलणकरांनी अंकांची वाट करून दिली. पहिला अंक शून्य नसतो, म्हणून एकूण नऊ लाख पिनकोड शक्य. वापरात आहेत सुमारे १९ हजार. तुळजापूरचा ४१३६०१. दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालयांचा देश शक्य क्रमांकांपैकी शंभरातले जेमतेम दोन वापरून चालतो. म्हणजे नावांचा तुटवडा तिथेही नाही. नावे उदंड असतात.

मग अवघड काय आहे? अवघड आहे कोणी कोणाला पाहायचे, हे. खरे डोळे फिरवणारे आकडे इथून सुरू होतात.

समजा, एका डेटा सेंटरमध्ये ५०० सर्व्हर आहेत आणि डिस्कची ४० कपाटे. मध्यम आकाराची जागा, फार मोठी नाही. यादीवाला नसेल तर प्रत्येक सर्व्हरवर बसून प्रत्येक कपाटाचा पत्ता हाताने लिहायचा: ५०० गुणिले ४०, म्हणजे २०,००० ओळी. ओळीला दोन मिनिटे धरली तरी ४०,००० मिनिटे. रोज आठ तास काम करणाऱ्या माणसाचे ८३ दिवस. आणि त्र्याऐंशीव्या दिवशी कुणी एक कपाट दुसऱ्या नेटवर्कवर हलवले, की ५०० ओळी पुन्हा. यादीवाला असेल तर ५४० जणांनी येऊन एकेकदा आपले नाव नोंदवायचे. कपाट हलले तर एक नोंद बदलते. देव मैलारपुरात गेला हे ज्याला त्याला घरी जाऊन सांगावे लागत नाही. दोन गावांच्या मंडळींना माहीत असले की पुरते, बाकीचे विचारून घेतात.

पण नोंद झाली म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना पाहावे, असे चालत नाही. दोन सर्व्हर एकमेकांना न कळवता एकाच डिस्कवर लिहू लागले, तर डिस्कवरच्या माहितीची भेळ होते. म्हणून मानकात ‘डिस्कव्हरी डोमेन’ आहे. आपण त्याला वाडा म्हणू. एका वाड्यातल्यांना यादीवाला एकमेकांची नावे सांगतो, बाहेरच्यांना सांगत नाही. वाड्यांचा संच करायचा आणि तो चालू करायचा. संच बंद असेल तर त्यातला वाडा कागदावरच राहतो. नवखा प्रशासक इथे हमखास फसतो. वाडा केला, माणसे बसवली, आणि सर्व्हरला डिस्क दिसत नाही म्हणून दोन तास केबल तपासत बसला. संच चालूच केलेला नसतो.

आता मोजा. ५०० सर्व्हर आणि ४० कपाटे यांच्यात २०,००० जोड्या. प्रत्येक जोडीबद्दल निर्णय एकच: दाखवायचे की नाही. म्हणजे शक्य रचना दोनाचा २०,००० वा घात. ही संख्या ६,०२१ अंकी आहे. तिची किंमत राहू द्या, तिचे अंक सेकंदाला एक असे नुसते मोठ्याने वाचायचे म्हटले तर एक तास चाळीस मिनिटे लागतात. विश्वातल्या अणूंची संख्या तशीच वाचायला दीड मिनिटही लागत नाही. आणि या ६,०२१ अंकी ढिगाऱ्यातल्या मूठभरच रचना बरोबर असतात. बाकीच्यांत कुठे पगाराची डिस्क चाचणीच्या सर्व्हरला दिसते, कुठे कुणालाच काही दिसत नाही.

वाटेल, ५४० ही संख्या मी मुद्दाम फुगवली. तर लहान करून पाहा. नुसती २६६ यंत्रे घेतली आणि त्यांतून एक वाडा निवडायचा म्हटले, तरी शक्य वाड्यांची संख्या विश्वातल्या अणूंच्या पलीकडे जाते. लग्नाच्या एका पंगतीला याहून जास्त माणसे असतात.

प्रशासक या ढिगाऱ्यातून वाट काढतो ती तीन-चार शब्दांच्या कमांडींनी. सोलारिस या प्रणालीवर त्या हत्याराचे नाव आयएसएनएसअ‍ॅडम. त्याला लिस्ट-नोड म्हटले की नोंदलेल्यांची यादी उमटते. क्रिएट-डीडी म्हटले की नवा वाडा होतो. अ‍ॅड-नोड म्हटले की एकाला त्यात बसवता येते. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. दुरून पाहणाऱ्याला हा मागासलेपणा वाटतो. माझे मत उलटे आहे. माउसने ५४० खुणा करणारा माणूस तीनशेव्या खुणेला कंटाळतो आणि तीनशे एकावी चुकवतो. कमांड मात्र फाईलमध्ये लिहून ठेवता येते, दुसऱ्याकडून तपासून घेता येते, आणि चूक झाली तर कोणत्या ओळीत झाली ते सहा महिन्यांनीही सापडते. लेखी करार म्हणतात तो हाच.

वाडे लहान ठेवण्याचे दुसरेही कारण आहे, आणि तेही आकड्यांतच दिसते. यादीवाला बदल झाला की ज्यांनी तशी मागणी नोंदवली आहे त्यांना कळवतो: अमुक आला, तमुक गेला. वीज जाऊन परत आली आणि ५४० जण एकामागून एक उठले असे समजा. सगळे एकाच वाड्यात असतील, तर प्रत्येकाची खबर उरलेल्या ५३९ जणांना: २,९१,०६० निरोप. तेच १८-१८ जणांचे ३० वाडे केले, तर ९,१८०. यंत्रे तीच, वीज तीच, निरोप मात्र बत्तिसाव्या हिश्शावर. काही यादीवाले नव्याने आलेल्या प्रत्येकाला आधी एका सामाईक वाड्यात बसवतात. ते तिथेच विसरून जाणारा प्रशासक पहिला हिशेब ओढवून घेतो.

गेलेल्यांचे काय, याचीही सोय आहे. यादीवाला अधूनमधून एकेकाला हाक मारतो: आहेस का? ठरवलेल्या संख्येइतक्या हाकांना उत्तर आले नाही, की नाव यादीतून काढले जाते. कठोर वाटते, पण मेलेल्यांची नावे न काढणाऱ्या याद्या कशा फुगतात ते आपल्याला सांगायला नको.

खंडोबाच्या ‘येळकोट’ या गजराचा एक अर्थ कानडीतल्या ‘एळु कोटी’वरून सात कोटी असा लावतात. भागही कानडी मुलखाला लागूनचा आहे, तेव्हा तो अर्थ इथे जास्त जवळचा वाटतो. सात कोटींचा तो गजर ऐकायला पौष पौर्णिमेच्या यात्रेला निघणार असाल, तर गाडी अणदूरला थांबवू नका. त्या दिवशी देव नळदुर्गला असतो.