आज्ञावली न जाणणाऱ्याचा उद्यम

‘मला संगणकाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिता येत नाही, मग संगणकावर चालणारा धंदा मी कसा काढावा?’ हा प्रश्न हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील पदवीधर तरुणापुढे आज उभा आहे. घरची जमीन गहाण ठेवण्यापूर्वी तो त्याने विचारावा, हे शहाणपणाचेच होय. मात्र प्रश्नाचा रोख थोडा बदलावयास हवा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण घ्या. १८६९ साली जन्मलेले हे गृहस्थ मुंबईस चित्रकला शिकावयास गेले; परंतु रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर यंत्रांच्या आकृती काढण्याकडे वळले. यंत्रशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. वाचून व हाताने काम करून ते यंत्रे शिकले, आणि बेळगावास सायकलींचे दुकान चालविता चालविता पुढे लोखंडी नांगर घडविण्यापर्यंत पोचले. पण नांगर घडला म्हणून धंदा झाला नाही! लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे सुमारे दोन वर्षे तो खपेना. शेतकऱ्याचा विश्वास त्यांना चिकाटीने मिळवावा लागला. औंधच्या अधिपतींच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर, १९१० साली. सारांश, वस्तू घडविणे हा अर्धा धंदा आणि गिऱ्हाइकास ओळखणे हा दुसरा अर्धा. पहिल्यासाठी जोडीदार मिळतो. दुसरा स्वतःच साधावा लागतो.

आता हिंगोलीकडे वळू. हा हळदीचा मुलूख. शेतकरी हळद उकडतो, वाळवितो, पॉलिश करतो. पण माल हिंगोलीच्या पेठेत न्यावा की वसमतच्या, हे ठरविणे त्याला अवघड जाते. ही अडचण दूर करणारे ॲप काढू इच्छिणाऱ्याने प्रथम एक वही व एक मोबाईल घ्यावा. वीस शेतकऱ्यांना महिनाभर रोज दोन्ही पेठांचे भाव स्वतः कळवावे आणि दुसऱ्या महिन्यास थोडी वर्गणी मागावी. कोणीच ती देईना, तर ॲपही खपणार नाही हे समजावे. आणि ते जमीन न गमावता समजले, हा लाभच!

वर्गणी मिळाली, तर आज्ञावली न लिहिता जुळविता येणारी तयार साधने आज उपलब्ध आहेत. आरंभी ती पुरतात. काम वाढल्यावर जाणकार भागीदार घ्यावा, परंतु करार लेखी करावा. आज्ञावलीची मालकी संस्थेच्या नावे असावी व पासवर्ड एकट्याच्याच हाती नसावेत. आणि भागीदार काय करतो हे विचारण्याइतकी विद्या स्वतःही अवश्य संपादन करावी.