दाराची बीडिंग आणि कडेचा गंज

मोटारीच्या दाराच्या उघडणाऱ्या कडेवर बसवायची पट्टी दुकानात डोअर गार्ड किंवा नुसती बीडिंग या नावाने मिळते. तिचे काम एकच: दार भिंतीला किंवा शेजारच्या गाडीला लागले तर कडेचा रंग उडू नये. जुन्या स्पोर्ट्स कारला ही गरज जास्त असते. अशा गाडीला बहुधा दोनच दारे असतात, त्यामुळे प्रत्येक दार लांब असते आणि उघडताना त्याची कड बरीच बाहेर जाते. रायपुरातल्या गुढियारीसारख्या दाटीच्या वस्तीत ही कड कुठे ना कुठे घासतेच.

या पट्टीबद्दलची सर्वांत पक्की आणि सर्वांत नुकसानकारक समजूत अशी, की बीडिंग बसवली म्हणजे कडेला गंज धरत नाही. गॅरेजमध्ये, दुकानात, रॅलीच्या मैदानात ती इतक्या खात्रीने सांगितली जाते की गाडीचा मालक पट्टी बसवून निर्धास्त होतो आणि पुढची काही वर्षे तिच्याखाली डोकावतही नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पट्टी धक्का झेलते, पाणी अडवत नाही. निष्काळजीपणे बसवलेली पट्टी तर गंजाला हवी तशी जागा तयार करून देते.

त्यासाठी दाराची रचना पाहावी लागते. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीच्या कडेवर दुमडून दाबलेला असतो. ही दुमड हा दाराचा सर्वांत कच्चा भाग. पत्रा तिथे वळलेला असल्याने रंगाचा थर पातळ बसतो आणि दुमडीच्या आत ब्रश किंवा फवारा पोहोचत नाही. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनला तयार झालेली एमजीबी घ्या किंवा कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी घ्या, हल्लीच्या बहुतेक गाड्यांना असते तसे जस्ताचे लेपन त्यांच्या पत्र्यावर नव्हते. अशा दुमडीवर यू आकाराची पट्टी ठोकली की पट्टी आणि पत्रा यांच्यात केसाएवढी फट राहते. पाणी त्या फटीत खेचले जाते आणि वारा न लागल्यामुळे लवकर सुकत नाही.

फटीत हवा नसेल तर गंज कसा, असा प्रश्न इथे हमखास येतो. केंब्रिजचे यू. आर. एव्हान्स यांनी 1920च्या दशकात लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून याचे उत्तर दिले. थेंबाच्या काठाला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो, मध्यभागी तो कमी पोहोचतो. आणि झिजते ते मध्यभागचे लोखंड. ऑक्सिजनचे प्रमाण दोन ठिकाणी वेगळे असले की एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि ऑक्सिजन कमी असलेली जागा खाल्ली जाते. पट्टीखालची फट ही तशीच जागा आहे. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दुमड फुगते, रंगाला फोड येतात आणि मालकाला ते दिसेपर्यंत पत्रा आतून गेलेला असतो.

रायपुरात हा धोका वाढतो. वर्षाचा सुमारे 1,200 मिलिमीटर पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा इथे कोळशावर चालणारे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. तिकडची काळी धूळ गच्चीवर बसते तशी दाराच्या फटीतही बसते आणि ओल धरून ठेवते. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी 1930च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले, की हवेत सल्फर डायऑक्साइड अगदी थोडा असला तरी सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेल्यावर लोखंड झपाट्याने गंजते. कोळशाच्या धुरात हा वायू असतो आणि पावसाळ्यात एवढी आर्द्रता रोजचीच. म्हणजे समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे म्हणून इथला पत्रा सुरक्षित, हेही खरे नाही.

‘स्टेनलेसची पट्टी गंजत नाही, म्हणून तीच बसवावी’ हा याच समजुतीचा दुसरा अवतार. पट्टी गंजत नाही हे बरोबर. पण ती ज्यावर बसते तो पत्रा साधा पोलादी असतो. दोन्ही धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की साधे पोलाद झिजते. पट्टीचा पृष्ठभाग मोठा आणि रंग खरवडलेली जागा टिचभर असेल, तर सगळा मारा त्या टिचभर जागेवर होतो. पट्टी बसवताना तिच्या धारेने पहिला ओरखडा पाडायचा आणि वर तिला संरक्षण म्हणायचे, हा प्रकार थांबायला हवा.

कड सिलिकॉनने बंद केली की प्रश्न मिटतो, असेही सांगतात. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर पडते आणि उघड्या पत्र्याला ते घातकच. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिला तर पुढे रंग मारताना त्या जागी रंग फाटतो आणि खड्डे दिसतात. दाराच्या तळाची कड तर कधीच झाकू नये. काचेवरून आत उतरलेले पाणी तळाच्या भोकांतूनच बाहेर पडते. ती बुजली की दार आतून सडते.

पट्टी बसवायचीच असेल तर क्रम असा. आधी दुमडीवरचा गंज आणि उडालेला रंग दुरुस्त करून तो पूर्ण सुकू द्यावा. दार बंद करून मातीचा किंवा प्लॅस्टिसिनचा गोळा फटीत दाबावा. त्याच्या जाडीवरून पट्टीला जागा आहे की नाही ते कळते. बिजागरीच्या बाजूला पट्टी लावू नये, कारण दार उघडताना तिथली फट आणखी अरुंद होते. कड धुऊन, पूर्ण सुकवून दुमडीत पातळ कॅव्हिटी वॅक्स सोडावे. पट्टी वरून खाली दाबत न्यावी, ताणू नये. ताणलेले पीव्हीसी नंतर आखडते आणि टोक उघडे पडते. कापलेल्या टोकाला पोलादी चिमटे उघडे दिसत असतील तर तेही झाकावेत. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा पट्टी काढून खालची कड पाहावी, पुसावी आणि पुन्हा वॅक्स लावावे. हे करायची तयारी नसेल तर पट्टी न लावलेली बरी.

चिकटवायच्या पट्टीला मेणाचा हात लागलेला चालत नाही. तिच्या जागेवर वॅक्स किंवा पॉलिश राहू न देता आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसावे. ‘लगेच चिकटली म्हणजे काम झाले’ हे खरे नाही. अ‍ॅक्रिलिक फोम टेपला पूर्ण पकड यायला साधारण 72 तास लागतात. मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्यावरही हे काम करू नये, गाडी सावलीत थंड होऊ द्यावी.

रबर रंगाला निरुपद्रवी असते, हाही गैरसमज. काही रबरांतली रसायने फिकट रंगात उतरून तपकिरी डाग पाडतात. पट्टी लावली की कारवाई होते, हीही भीती नको: 2017 साली केंद्राने कारवाई करायला सांगितली ती क्रॅश गार्ड आणि बुलबारवर, दाराच्या पट्टीवर नव्हे. पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या विंटेज नोंदणीसाठी 2021 साली आलेल्या नियमांत गाडी मूळ रूपात हवी अशी अट आहे, पण ती चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा यासाठी. कडेवर दाबून बसवलेली आणि काढता येणारी पट्टी तसा फेरफार ठरत नाही; मात्र पट्टीसाठी जुन्या दाराला भोके पाडू नयेत.

फायबरग्लासच्या बॉडीला, उदाहरणार्थ सॅन मोटर्सच्या सॅन स्टॉर्मला, गंजाची चिंता नसते. तिथे घट्ट चिमट्यांच्या पट्टीचा दाब एका ठिकाणी पडून वरच्या थराला ताऱ्यासारख्या चिरा जाऊ शकतात, म्हणून अशा दाराला चिकटवायची मऊ पट्टीच योग्य.