शर्यतीच्या आधींचें घड्याळ

शाळेच्या क्रीडासामन्यांत धावणारीं मुलें चुन्याच्या रेषेवर पाय टेकून उभीं राहतात व बार होतांच सुटतात, हें आमच्या सर्व वाचकांच्या पाहण्यांतलें आहे. शिडाच्या नौकांस ही सोय नाहीं. शिडांत वारा भरला असतां नौका एका जागीं थांबत नाहीं. आणि वारा सोडून ती थांबविली, तर पुन्हां वेग धरण्यांत वेळ जातो. म्हणून पंचांची नौका व नांगरलेला बोया यांमधील कल्पित रेषेच्या मागें सर्व नौका घिरट्या घालीत असतात, आणि नेमक्या क्षणीं भर वेगानें रेषा गांठण्याचा यत्न करितात.

ताशीं 6 सागरी मैल वेगाची नौका एका सेकंदांत सुमारें 3 मीटर जाते. 10 सेकंदांचा उशीर झाला कीं 30 मीटर आरंभींच गेले. शिवाय पुढच्या शिडांनीं खळबळून टाकलेला वारा वांट्यास येतो. उलट क्षणभर आधीं रेषा ओलांडली, तर मागें फिरून पुन्हां निघावें लागतें. इशाऱ्याच्या वेळीं निशाण चढतें व बारही होतो. परंतु आवाज सेकंदास सुमारें 340 मीटरच चालतो, म्हणून वेळ निशाणावरून धरावी असा नियम आहे.

आतां घड्याळाकडे वळूं. कळ दाबतांच ज्याचा कांटा सुटतो व पुन्हां दाबतांच थांबतो, त्यास क्रोनोग्राफ म्हणतात. त्याच्या पोटांतील लहान तबकडी बहुधा 30 मिनिटें मोजते. तिचा कांटा मिनिटास 12 अंश सरकतो. घरीं बसून हें वाचतां येतें. पण तोंडावर तुषार, एका हातांत दोर, दुसऱ्यांत सुकाणूं, अशा स्थितींत त्या बारीक रेघा कोण मोजणार?

1967 सालीं अमेरिकेंतील न्यूपोर्ट येथें ‘इंट्रेपिड’ या नौकेनें ऑस्ट्रेलियाच्या ‘डेम पॅटी’चा 4–0 असा पराभव करून अमेरिकाज कप राखला. तिच्या खलाशांजवळ हॉयर या स्विस कारखान्याचीं कालमापक यंत्रें होतीं. पुढील वर्षीं, म्हणजे 1968 सालीं, त्याच कारखान्यानें ‘स्किपर’ नांवाचें मनगटी घड्याळ काढलें. त्यांतील लहान तबकडी 15 मिनिटांची केली, म्हणजे कांटा मिनिटास 24 अंश चालूं लागला. आणि तिचे पांच पांच मिनिटांचे तीन भाग निरनिराळ्या रंगांनीं रंगविले. त्या काळीं इशारे पांच मिनिटांच्या अंतरानें देण्याची चाल होती. त्यामुळें कांटा कोणत्या रंगांत आहे एवढें पाहिलें कीं पुरे. हे रंग शोभेचे आहेत असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. जिनीव्हाच्या ॲक्वास्टार कारखान्यानें तर आंकड्यांस फांटाच दिला: पांच गोल छिद्रें, व दर मिनिटास एकेकाचा रंग पालटे.

1968 च्या ‘स्किपर’मध्यें शर्यतीचे तास मोजणारी तबकडी नव्हती. निशाण चढलें कीं त्याचें मुख्य काम आटोपलें.

हल्लीं बहुतेक शर्यतींत पहिला इशारा 5 मिनिटें आधीं होतो, व विजेरी घड्याळें उलटे आंकडे दाखवितात. सुकाणूंवरील मनुष्य कळ दाबतो ती मात्र अजून निशाणाकडे पाहूनच.