अठराला जागेवर

"मी अठराला जागेवर येत नाही, म्हणून मला पट्टा नाही मिळाला," ती म्हणाली.

आमच्याच इमारतीत राहणारी नऊ वर्षांची मुलगी. तायक्वांदोची परीक्षा झाली होती, बरोबरच्या बहुतेकांच्या कमरेला नवा पट्टा आला होता आणि हिच्या कमरेला जुनाच पिवळा होता. लिफ्टमध्ये मी सहज विचारलं आणि तिने हे उत्तर दिलं. रडू नव्हतं, कुणाविरुद्ध तक्रारही नव्हती. आपण नेमकं कुठे कमी पडलो ते नऊ वर्षांच्या मुलाला इतक्या स्पष्टपणे सांगता आलेलं मी फारसं ऐकलेलं नाही. मार्क कमी का पडले असं विचारलं तर कॉलेजातली मुलंसुद्धा 'पेपर अवघड होता' यापलीकडे जात नाहीत. हिला हे कोण शिकवतंय ते बघावं म्हणून मी तिच्या क्लासला जायला लागले.

कल्याण पूर्वेत एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी सहाला हा क्लास भरतो. मोठी मुलं आधी येतात, एकमेकांत अडकणाऱ्या निळ्या-लाल मॅट जमिनीवर मांडतात आणि फिनेलच्या पाण्याने पुसून घेतात. चपला दाराबाहेर. रबर, फिनेल आणि घाम यांचा मिळून एक वास सभागृहात भरून राहतो. पहिल्या दिवशी तो मला नको झाला होता. पुढे जिन्यावरच तो आला की पाय आपोआप भरभर उचलायला लागले.

सहाच्या ठोक्याला रांगा लागतात. वरच्या पट्ट्याची मुलं पुढे उजवीकडे, पांढऱ्या पट्ट्याची सगळ्यात मागे. 'चार्योत' म्हटलं की सावधान, 'क्योंगने' म्हटलं की कमरेत वाकून नमस्कार. मग धावणं, सूर्यनमस्कार, पाय ताणणं. हे रोज तसंच होतं.

खरी गंमत लाथांपासून सुरू होते. सर हातात पॅड धरून उभे राहतात आणि मुलं एकेक करून येतात. सर पंचेचाळिशीचे असतील. दिवसा एका खासगी कंपनीत स्टोअर सांभाळतात, संध्याकाळी क्लास. 'आप चागी' म्हणजे समोरची लाथ. ती सोपी दिसते आणि सगळ्यांत जास्त चुकते, कारण नवं मूल पाय सरळच उचलतं. "गुडघा आधी, पाय नंतर," सर म्हणतात. गुडघा छातीपर्यंत वर, मग पाय झटक्यात सरळ, पावलाची बोटं मागे वळवलेली, तितक्याच वेगाने पाय परत दुमडलेला, आणि मग खाली. ही शेवटची दुमड मुलं गाळतात. लाथ पॅडला लागली की त्यांच्या लेखी काम झालेलं असतं. अशा वेळी सर पॅड खाली घेतात आणि काही न बोलता त्या मुलाकडे बघत राहतात. मूल परत जागेवर जातं. बाकीची कोरियनमध्ये मोजतात, "हाना, दुल, सेत, नेत." कल्याणची, उल्हासनगरची पोरं हे आकडे पाढ्यांसारखे म्हणतात.

या क्लासमध्ये पट्टे असे चढतात: पांढरा, पिवळा, यलो वन, हिरवा, ग्रीन वन, निळा, ब्लू वन, लाल, रेड वन आणि मग काळा. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला सोलच्या कुक्कीवोन या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेच्या नियमानुसार 'दान' (काळ्या पट्ट्याची श्रेणी) मिळत नाही, 'पूम' मिळतं, आणि त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. पिवळ्यापर्यंत लाथा, अडवणुका, ठोसे एवढंच येऊन भागतं. पिवळ्यावर पहिल्यांदा पूमसे करावी लागते. पूमसे म्हणजे न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांशी ठरलेल्या क्रमाने केलेली लढत. पहिल्या पूमसेचं नाव तेगुक इल जांग आणि तिच्यात १८ हालचाली आहेत.

आमची ही मुलगी अडली ती इथेच.

जमिनीवर तीन आडव्या रेघा आणि त्यांना मधोमध जोडणारी एक उभी रेघ आहे असं समजा. तेगुक इल जांग या रेघांवरून चालते. पहिल्या रेघेवर डावीकडे वळून हात खाली आणत अडवायचं, एक पाऊल पुढे टाकून ठोसा मारायचा. मग पूर्ण उलट वळून उजवीकडे तेच. पाचव्या हालचालीला समोर वळून लांब पाऊल टाकायचं, ते आपल्याला दुसऱ्या रेघेवर नेतं. तिथे छातीच्या उंचीवर अडवणूक. अकराव्याला पुन्हा लांब पाऊल, की तिसरी रेघ. तिथे डोक्यावरची अडवणूक, आप चागी आणि ठोसा, दोन्ही बाजूंना. मग सतराव्याला पाठ फिरवून लांब पाऊल, अठराव्याला आणखी एक लांब पाऊल आणि ठोसा, आणि त्या ठोशाबरोबर पोटातून काढलेली आरोळी. तिला किहाप म्हणतात. वळून उभं राहिलं की तुम्ही जिथून निघालात तिथेच असलं पाहिजे.

म्हणजे जाताना दोन लांब पावलं आणि येताना दोन. चारही सारखी पडली तर माणूस जागेवर येतो. सर सुरुवातीच्या जागी मॅटवर पांढऱ्या टेपची फुली चिकटवतात. ती मुलगी अठरा हालचाली बिनचूक करायची, क्रम एकदाही चुकायचा नाही, आणि शेवटी फुलीच्या वीतभर मागे उभी असायची.

"जाताना ती घाबरत पाऊल टाकते, छोटं पडतं," सरांनी मला सांगितलं. "येताना संपत आलं म्हणून जोरात टाकते, मोठं पडतं. क्रम तिला पाठ आहे हो. पण अठराला जागेवर नाही, म्हणजे पाय अजून तिच्या ताब्यात नाहीत."

"पण एवढ्याशा वीतभरासाठी?" मी विचारलं.

"पुढच्या पूमसेत ती वीत हातभर होते," ते म्हणाले.

आठ तेगुक आहेत आणि काळ्या पट्ट्याआधी आठही याव्या लागतात. त्या आठ चिनी त्रिरेखांवर, म्हणजे तीन-तीन रेघांच्या चिन्हांवर, बेतलेल्या आहेत: आकाश, सरोवर, अग्नी, मेघगर्जना, वारा, पाणी, पर्वत, पृथ्वी. पहिली आकाशाची. तिच्यात मुख्यतः चालणंच आहे आणि अवघड लाथ एकही नाही. पावलाचं माप आधी पक्कं व्हावं अशीच तिची रचना मला वाटते. लांब पावलाचं हे मापही बाहेरचं कुठलं नसतं. ज्याचं त्याचं पाऊल एकापुढे एक ठेवलं तर साधारण चार ते साडेचार पावलं. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीचं माप वेगळं, सरांचं वेगळं, आणि दोघांनाही आपापल्या मापाने जाऊन परत यायचं असतं.

तिची आई सांगत होती की परीक्षेनंतर ती रोज इमारतीच्या पार्किंगमध्ये फरशा मोजते. दीड फरशी पुढे, दीड फरशी मागे. मी खिडकीतून बघायचे. गाड्या आत आल्या की ती बाजूला व्हायची, गेल्या की पुन्हा पहिल्यापासून.

ज्या खेळासाठी ती एवढ्या फरशा मोजत होती त्या तायक्वांदोच्या नावाला फार वर्षं झालेली नाहीत. ते १९५५ सालचं. १९७२ मध्ये सोलमध्ये कुक्कीवोन उभं राहिलं, १९७३ मध्ये जागतिक महासंघ झाला, १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रदर्शनीय होता आणि २००० च्या सिडनीपासून पदकांचा झाला. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये हरियाणाची अरुणा तंवर या खेळात भारताकडून उतरली. पट्ट्यांची कल्पना मात्र कोरियाची नाही. काळा पट्टा जपानी ज्यूदोतून आला आणि मधले रंग युरोपातल्या ज्यूदो क्लबांत १९२० आणि ३० च्या दशकांत रुजले. वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यावर राहणं नव्या शिष्यांना जड जात होतं. पुढचा रंग दिसत राहिला की माणूस टिकतो हे शिक्षकांच्या लक्षात आलं. ही योजना चांगलीच होती आणि आजही आहे. छोट्या मुलांना जवळचं काहीतरी दिसावं लागतं.

गडबड होते ती हा रंग पैशाला जोडला गेल्यावर. प्रत्येक परीक्षेला फी असते. दर तीन महिन्यांनी परीक्षा घेतली आणि सगळ्यांना पास केलं तर क्लास भरलेला राहतो, पालक खूश राहतात आणि अडीच वर्षांच्या आत मुलाच्या कमरेला काळा पट्टा दिसतो. असे क्लास मी पाहिले आहेत. एका ठिकाणी पूमसे अर्ध्यावर विसरलेल्या मुलाला परीक्षकांनी "चालेल, चालेल" म्हणून बसवलं. पुढच्या आठवड्यात तो हिरवा पट्टा बांधून आला. त्या मुलावर यापेक्षा मोठा अन्याय कोणता करायचा? त्याला आपण विसरलो हे माहीत होतं. विसरलं तरी चालतं हेही आता माहीत झालं.

आमच्या क्लासमध्ये ही मुलगी अडली त्या परीक्षेत तीन मुलं थांबली होती, म्हणजे त्यांना पट्टा मिळाला नव्हता. त्यांतली दोन दुसऱ्या क्लासला गेली, महिन्याभरात तिथे त्यांना पट्टा मिळाला. सरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण दोन मुलांची फी जाणं त्यांच्या घरात जाणवतं हे मला कळत होतं. थांबलेल्या मुलाकडून दुसऱ्या परीक्षेची फी ते घेत नाहीत. मला हा या क्लासमधला सर्वांत मोलाचा नियम वाटतो. मूल थांबलं तर शिक्षकाचाही थोडा तोटा होतो आणि तरी तो त्याला थांबू देतो. म्हणून इथला निर्णय खरा.

पालकांचा आणखी एक गोंधळ इथे वरचेवर दिसतो. "दहावीला मार्क मिळतील ना सर?" असं विचारतच अनेकजण येतात. दहावी-बारावीचे क्रीडागुण स्पर्धांवर मिळतात, पट्ट्यावर मिळत नाहीत. सर हे पहिल्याच दिवशी सांगतात. काहीजण तिथूनच परत जातात.

शुक्रवारी लढती असतात. लाल आणि निळे छातीरक्षक, डोक्याला हेल्मेट, नडग्यांना गार्ड. सामान सगळ्यांना पुरेल इतकं नाही, म्हणून एकाने काढलं की दुसरा घामाने ओलं झालेलं तेच घालतो. अंगावर ठोसा १ गुण, अंगावर लाथ २, डोक्यावर ३, फिरून मारलेली लाथ अंगावर ४ आणि डोक्यावर ५. मोठ्या स्पर्धांत बहुतेक गुण यंत्र देतं. पायातल्या मोज्यांमध्ये आणि छातीरक्षकात सेन्सर असतात, आणि म्हणून आजचे खेळाडू पुढचा पाय हवेतच ठेवून टकटक लाथा मारताना दिसतात. इथे गुण रेड वनची सतरा वर्षांची ताई हात वर करून देते. छोट्यांना पूमसेही तीच शिकवते. एकदा पिवळ्या पट्ट्याच्या एका मुलाने रागाने ढकलल्यावर तिने लढत थांबवली आणि दोघांना वाकून नमस्कार करायला लावला. त्याला तोंडाने एक शब्दही बोलली नाही. तीही एकदा थांबली होती, ब्लू वनला, सहा महिने.

पुढची परीक्षा पावसाळ्यात झाली. बाहेरून परीक्षक आले होते. सर स्वतः आपल्या मुलांना पास-नापास करत नाहीत. टेबल, दोन खुर्च्या, नावांची यादी, मॅटवर टेपची फुली. भिंतीशी पालक बसलेले, छत्र्यांचं पाणी दाराशी साचलेलं. माझं लक्ष फक्त एका जोडी पायांवर होतं. पाचव्याला तिने लांब पाऊल टाकलं आणि ते खरंच लांब पडलं. अकराव्यालाही. सतराव्याला वळताना क्षणभर थांबली. अठराव्याला किहाप दिली, वळली आणि उभी राहिली. टाच फुलीवर, बोटं पुढे. परीक्षकांनी वाकून मॅटकडे पाहिलं आणि कागदावर खूण केली. तिला यलो वन मिळाला.

त्याच दिवशी तिच्या मागच्या रांगेतला एक मुलगा थांबला. त्याची आई चिडून सरांकडे आली. "सर, एवढे महिने फी भरतोय आम्ही." सरांनी मुलाला बोलावलं आणि विचारलं, "बाळा, कुठे राहिलं?" तो खाली बघत म्हणाला, "डावी लाथ. परत दुमडत नाही मी." आई पुढे काही बोलली नाही. मुलगा पुढच्या सोमवारी आला होता. मी पाहिलं.

काळा पट्टा मिळाला म्हणजे शिकणं संपलं असं आपल्याकडे समजलं जातं. कुक्कीवोनच्या हिशेबात तिथे पहिला दान सुरू होतो. पहिल्यापासून दुसऱ्या दानाला किमान १ वर्ष लागतं, दुसऱ्यापासून तिसऱ्याला २, तिसऱ्यापासून चौथ्याला ३, आणि आठव्यापासून नवव्याला ९ वर्षं. पट्ट्याचा रंग तोच राहतो. तोवर 'अजून नाही' हे ऐकायची सवय झालेली नसेल, तर तिथून पुढे कुणी जाऊच शकत नाही.

जे आपल्या मुलांना अशा क्लासला घालणार आहेत त्यांना माझं एक सांगणं आहे. तायक्वांदो असो, कराटे असो, फी विचाराल, वेळ विचाराल, सरांचा दान विचाराल, सगळं विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा: गेल्या परीक्षेत किती मुलं थांबली, आणि ती का थांबली? 'एकही नाही' असं उत्तर आलं तर नाव न घालता उठा आणि दुसरा क्लास शोधा.