चेहऱ्यांसाठी राखीव जागा
भर गर्दीत ओळखीचा चेहरा आपण क्षणात हेरतो. मेंदूत यासाठी वेगळी जागा आहे का, हे मेंदूशास्त्रज्ञ नॅन्सी कॅनविशर यांनी दोन सहकाऱ्यांसह एमआरआय यंत्राने तपासलं. यंत्रात झोपलेल्या माणसाला कधी चेहरे, कधी घरं, कधी वस्तू दाखवायच्या. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ऑक्सिजन असलेलं रक्त जास्त येतं आणि यंत्र टिपतं ते एवढंच. म्हणजे विचार दिसत नाहीत, रक्तपुरवठा दिसतो. तोही काही सेकंद उशिरा. वर्तमानपत्रातली मेंदूची रंगीत चित्रं पाहताना हे हमखास विसरलं जातं. १९९७ साली निष्कर्ष छापून आले: १५ पैकी १२ जणांत मेंदूच्या तळाशी, बहुधा उजवीकडे, चेहऱ्यांना खास दाद देणारा भाग सापडला.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शिकवण्याची कॅनविशर यांची तऱ्हाही न्यारी. एका व्हिडिओत त्यांनी चक्क डोकं भादरून घेतलं आणि विद्यार्थिनीकडून त्यावर मेंदूचे भाग रेखाटून घेतले! त्यांच्याच विद्यार्थिनी रेबेका सॅक्स यांनी पुढे दुसऱ्याच्या मनातलं ताडणारा भाग शोधला. आज त्याही तिथेच प्राध्यापक आहेत. कॅनविशर यांची मानवी मेंदूवरची व्याख्यानं एमआयटीने सर्वांसाठी मोफत खुली केली आहेत. इंग्रजी समजत असेल तर पहिलं तरी ऐकाच.