विंचवाचा दंश आणि आडगांवचा दवाखाना

घरांत कोणाला विंचू चावला म्हणजे आपल्याकडे अद्यापि प्रथम मांत्रिकाची आठवण होते. कोल्हापुरांतील जुन्या वाड्यांत परसांतल्या सरपणांतून विंचू निघणें ही नवलाची गोष्ट नव्हे; आणि रात्रभर कळा सोसून माणूस सकाळीं उठून बसलें, कीं श्रेय मंत्राला मिळे. वस्तुतः पुष्कळसे दंश केवळ वेदनेचेच असतात. मंत्र म्हटला काय, न म्हटला काय, ते उतरावयाचेच. परंतु तांबड्या विंचवापुढें हा हिशेब चुकतो. देशावर तो नाहीं असें नाहीं. पण आपल्यांतील पुष्कळांचीं कुलदैवतें ज्या कोकणांत आहेत, तेथें त्यानें फार माणसें नेलीं.

१९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्य महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत रुजू झाले. भात कापतांना, पेंढा उपसतांना, अंधारांत अनवाणी चालतांना ज्यांना विंचू चावे, अशीं गरीब माणसें व त्यांचीं मुलें त्यांच्यापुढें येत. आधीं ओकारी, मग दरदरून घाम, हातपाय गार. पुढें फुप्फुसांत पाणी होऊन श्वास कोंडे. गंभीर दंशाच्या रोग्यांपैकीं शेंकडा ३० ते ४० दगावत. पुस्तकांत भरंवशाचा उपाय नव्हता, आणि असावा तरी कसा? ज्या मोठ्या रुग्णालयांतून असलीं पुस्तकें लिहिलीं जातात, त्यांच्या दारापर्यंत हे रोगी जिवंत पोंचतच नसत.

बावस्कर रोग्याच्या उशाशीं बसून राहिले. घाम केव्हां सुटला, नाडी कशी चालली, रक्तदाब केव्हां चढला व केव्हां उतरला, हें सारें ते टिपीत गेले. प्राणसंकटाचीं पूर्वचिन्हें कोणतीं, हें सांगणारा त्यांचा लेख १९८२ सालीं विलायतेंतील ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. विषामुळें शरीरांत ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदय त्या ताणाखालीं थकतें. तेव्हां आकसलेल्या वाहिन्या मोकळ्या करणारें औषध हवें. रक्तदाबावरची प्रॅझोसिन नांवाची स्वस्त गोळी तें काम करते, हें त्यांनीं १९८६ सालीं त्याच नियतकालिकांत मांडलें. गोळी तोंडानें घ्यावयाची, म्हणून खेड्यांतल्या दवाखान्यांतही देतां येते. पुढें मृत्यूचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास आलें.

मला अधिक कौतुक वाटतें तें पुढच्या गोष्टीचें. ज्या गोळीनें नांव मिळविलें, तिच्यावरच समाधान मानणें सोपें होतें. परंतु विंचवाच्या विषावरील लस उपलब्ध झाल्यावर त्यांनीं व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं महाडासच तिची परीक्षा घेतली. ७० रोगी, सर्वांस प्रॅझोसिन, आणि त्यांपैकीं ३५ जणांस लसही. लस कोणास द्यावयाची, हें अशा परीक्षेंत वैद्याच्या मर्जीवर ठेवीत नाहींत. दहा तासांनीं लस घेतलेल्यांपैकीं ३२ जण पूर्ण बरे झाले होते. नुसत्या गोळीवरचे अवघे ८. आपल्याच गोळीला उणी ठरविणारा हा निकाल त्यांनीं २०११ सालीं जगापुढें ठेविला.

गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनींही हाच मार्ग धरिला. गांवांतल्याच बायांना शिकवून त्यांनीं ३९ गांवांत घरोघर नवजात बालकांची शुश्रूषा करविली. त्यानें नवजात-मृत्यू शेंकडा ६२ नें घटल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. पण तो विषय मोठा आहे. त्यावर पुन्हां केव्हां तरी.

तूर्त घरच्यापुरतें सांगावयाचें तें इतकेंच. घरांत, शेतावर, कामाच्या बाईला किंवा गड्याला विंचू चावला आणि ओकारी झाली, घाम सुटला, हातपाय गार पडले, तर मांत्रिकाकडे माणूस न धाडतां रोग्याला तडक दवाखान्यांत न्यावें. मूल असेल तर तेवढाही वेळ दवडूं नये; मुलांना तें विष अधिक बाधतें. जातांना घड्याळ पाहून दंश किती वाजतां झाला तें कागदावर टिपून घ्यावें. दवाखान्यांत प्रथम हेंच विचारतात.